बेसचा आवाज जाता कामा नये

गिटार पडली तेव्हा मी साउंडच्या मिक्सरपाशी बसलो होतो. देवरुखला कार्यक्रम होता. गाणं रंगात आलं होतं. एकदम स्पीकरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि बेस बंद. वर पाहिलं तर दत्ताराम एका गुडघ्यावर बसला होता. गिटारचा पट्टा खांद्यावरच होता, गिटार मात्र सुटून खाली आली होती. ती जमिनीवर आदळू नये म्हणून त्याने गुडघा मध्ये घातला होता. आवाज आला तो वायर उपटली गेल्याचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत राम आळीत माझं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. दिवाळीनंतर कार्यक्रमांचा सीझन सुरू झाला की मी शेट्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर साउंड सांभाळायला जायचो. दत्ताराम त्या ऑर्केस्ट्रात बेस, म्हणजे खर्जाचे सूर देणारी गिटार, वाजवायचा. मूळचा संगमेश्वरकडचा. मुंबईत गिरणीत होता, तिथेच फावल्या वेळात बेस शिकला. गिरणी बंद पडली तशी गिटार घेऊन गावी आला. पावसाळ्यात भातशेती, एरवी ऑर्केस्ट्रा.

मध्यंतरात शेट्ये स्टेजच्या मागे आले.

"दत्ताराम, मागच्या कार्यक्रमात तुझी वायर खरखरत होती. आज गिटारच पडली. लोक काय हे बघायला येतात?"

"पट्टा सुटला, शेट."

"ते मला नको सांगू. पाध्ये, ह्याची वायर, पट्टा, काय असेल ते तुम्ही बघा. दाभोळच्या जत्रेत बेसचा आवाज जाता कामा नये. गेला तर पुढच्या सीझनला बेस कीबोर्डवर."

हे नुसतं दटावणं नव्हतं. तेव्हा परदेशी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यायला लागले होते. वाजवणारा डाव्या हाताने त्यावरच बेस वाजवायचा. एक माणूस कमी.

दोन दिवसांनी दत्ताराम एसटीने दुकानात आला. गुडघा सुजलेला होता. मी आधी वायर घेतली. मीटर लावला. मीटर म्हणाला, वायर चांगली आहे. बरेच जण इथेच थांबतात. वायर टेबलावर सरळ पडलेली असताना चांगलीच असते. स्टेजवर ती वाकते, पिळते, तिच्यावर पाय पडतो. म्हणून मी ती गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि वीत-वीत वाकवत गेलो. जॅकच्या मानेशी आल्यावर खर्रकन आवाज आला.

जॅक म्हणजे वायरच्या टोकाची, गिटारमध्ये खुपसायची धातूची पिन. दत्तारामच्या वायरचे जॅक प्लास्टिकमध्ये ओतलेले होते. दिसायला छान, पण उघडता येत नाहीत. वायर नेमकी त्यांच्या मानेशीच तुटते. मी एक कापून पाहिला. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. आपल्याकडे खाऱ्या हवेत उघड्या तांब्याचं हेच होतं.

"ही मुंबईत घेतलेली," दत्ताराम म्हणाला. "दुकानदार बोलला, इंपोर्टेड हाय."

"जॅक इंपोर्टेड असेल. वायर पातळ आहे. हे बघ."

गिटारच्या वायरमध्ये मधोमध एक तार असते, तिच्यातून सूर जातो. तिच्याभोवती तांब्याची जाळी असते, ती बाहेरची घरघर आत येऊ देत नाही. जाळी विरळ असली की ट्यूबलाइटसुद्धा ऐकू येते. त्याच्या वायरची जाळी अगदी विरळ होती. माझ्याकडे माइकची जाड, घट्ट जाळीची वायर होती. तिला उघडता येणारे धातूचे जॅक लावले. सोल्डर करून, म्हणजे कथलाचा डाग देऊन, जॅकमधली पकड वायरच्या बाहेरच्या आवरणावर आवळली, म्हणजे ओढ बसली तर ती आवरणाने सोसावी, सोल्डरने नाही. मानेवर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब चढवली. अशीच दुसरी वायरही केली. एकच वायर घेऊन स्टेजवर जाणं म्हणजे स्टेपनीशिवाय आंबा घाट चढणं.

पट्ट्याने जास्त डोकं खाल्लं. गिटारच्या अंगावर दोन बटणं असतात. पट्ट्याच्या टोकाची चीर त्यांवर अडकवायची. बेस जड. वर्षभर वजन पेललं की चीर सैल होते आणि हात जरा उंचावला तरी बटण निसटतं. पट्टा पक्का धरणारी लोखंडी लॉक परदेशात मिळतात असं दत्तारामने ऐकलं होतं. रत्नागिरीत कुठून आणणार? मी नट-बोल्ट लावून पाहिला. तो सुराबरोबर खणखणायला लागला. काढून टाकला.

मग चांभाराकडून पट्ट्याच्या टोकांना दुहेरी चामडं शिवून घेतलं. चीर इतकी अरुंद ठेवली की बटण जोर लावल्याशिवाय आत जाऊ नये. बटणांचे स्क्रू लाकडात ढिले झाले होते. भोकात लाकडाची कपची सरस लावून बसवली आणि लांब स्क्रू घातले. शेवटी गोटीसोड्याच्या बाटलीच्या तोंडातली जाड रबरी रिंग पट्ट्यावरून बटणावर चढवली. रिंग चामड्याला बाहेर सरकू देत नव्हती. आमचं स्ट्रॅप लॉक ते हेच.

दुकानात गादी अंथरली. दत्ताराम पट्टा गळ्यात घालून वाकला, उड्या मारल्या, गिटार हातातून सोडून दिली. ती लोंबकळत राहिली, पडली नाही. तो पहिल्यांदा हसला.

"पाध्येसाहेब, बेस कोण ऐकत नाय. बंद झाला की मात्र सगळे वळून बगतात."

"म्हणूनच बंद होता कामा नये."

"नाय होणार. घरी सांगितलंय, दाभोळ नीट झालं की पुढचा सीझन पक्का."

जाताना मी त्याला एकच सवय लावली. वायर थेट गिटारमध्ये खुपसायची नाही. आधी पट्ट्यामागून वळसा द्यायचा, मग जॅक लावायचा. कोणाचा पाय अडकला तर झटका पट्ट्याला बसतो.

दाभोळला स्टेज खाडीच्या तोंडाशी होतं. वारा सगळा खारा. तिसऱ्याच गाण्यात निवेदक मागे सरकला आणि त्याचा पाय वायरमध्ये अडकला. बेसचा आवाज खाली करायला माझा हात आपोआप मिक्सरवरच्या बटणाकडे गेला. वायर ताठ झाली, वळशापाशी थांबली. बेस चालू राहिला. दत्तारामने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. शेवटपर्यंत खर्र नाही की घरघर नाही. त्या दिवशी त्याने वाजवलं तसं मी त्याला आधी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत चहा पीत होतो. शेट्ये खुशीत होते.

"झकास झालं. पाध्ये, वायरींचं काम फर्स्टक्लास." मग दत्तारामकडे न बघता म्हणाले, "पण पुढच्या सीझनला कीबोर्डच आहे हो. मुंबईला दिवाळीतच सांगून ठेवलाय."

मला आधी कळलंच नाही. "दिवाळीत? मग देवरुखला ह्याला काय बोललात?"

"हा सीझन तर पार पडायला हवा होता ना? मन लावून वाजवला त्याने. वाईट काय झालं?"

मी काहीतरी कडू बोललो. काय ते आता आठवत नाही, पण त्यानंतर शेट्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. दत्तारामने कप खाली ठेवला.

"शेट, शिमग्याचे कार्यक्रम बाकी हायत. ते वाजवू ना?"

"हो तर. ते तुझेच."

त्याने ते सगळे वाजवले. साउंडला दुसरा माणूस होता, त्याच्याकडून कळलं की एकदाही आवाज गेला नाही. मग दत्ताराम गावी गेला, आंब्याच्या सीझनला कलमांच्या बागेत कामाला लागला. गिटार त्याने विकली नाही. गणपतीत भजनाबरोबर वाजवतो, असं एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला. पट्ट्याची रिंग झिजली म्हणाला, तेव्हा मी त्याला नवी दिली. पुढे व्हिडिओचं खूळ आलं आणि शेट्यांचा ऑर्केस्ट्राही कीबोर्डसकट बंद पडला. त्याचा मला आनंद झाला नाही. त्यातही माणसं होती.

धंद्यात मात्र मी एक बदल केला. कोणी काही दुरुस्तीला आणलं की काय बिघडलंय हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "हे नीट झालं तर ठेवणार आहात ना?" उत्तर द्यायला जो वेळ लावतो, त्याची वस्तू मी उघडत नाही.