अल्फीचा मुलगा याकोब

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर बारा खुर्च्या मांडतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर त्या बाराजणांचे पाय धुतात. पूर्वी तिथे फक्त पुरुष बसत. आता बायकाही बसतात. आदल्या रविवारी इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात आणि प्रत्येकाला एक प्रेषित मिळतो. चार दिवसांत त्याच्याविषयी वाचायचं आणि गुरुवारी त्याच्याकडून काय घेतलं ते सगळ्यांसमोर दोन-तीन वाक्यांत सांगायचं, असा आमच्या फादरांचा नियम आहे.

माझं नाव डब्यात मी टाकलं नव्हतं. पप्पांनी टाकलं होतं. नाव पुकारलं गेलं तेव्हा ते समोर बघत राहिले.

मी नाव न टाकण्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मम्मीच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीत, मी बायबलमधलं पहिलं वाचन करायला उभी राहिले होते. दीपनगरच्या कॉलनीत वाढले, शाळा इंग्रजी. मराठी मी बोलते, पण छापलेली ओळ मोठ्याने वाचताना अडखळते. तिसऱ्या ओळीत अडकले. मागे कुणीतरी खोकलं. मी पुस्तक उघडंच ठेवून खाली उतरले आणि बाहेर निघून गेले. तेव्हापासून मी शेवटच्या बाकावर बसत होते, दाराजवळ.

मला मिळालेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘अल्फीचा मुलगा याकोब’. मी चारही शुभवर्तमानं चाळली. पेत्र बोलतो, थोमा बोलतो, फिलिपसुद्धा प्रश्न विचारतो. या याकोबाचं एकही वाक्य नाही. यादीत नाव आहे, तेवढंच. मला आधी बरं वाटलं, मग भीती वाटली. जो काही बोललाच नाही, त्याच्याविषयी मी काय बोलणार?

बुधवारी दुपारी मी चर्चमध्ये गेले. अक्का पितळी घंगाळ चिंचेने घासत होत्या. त्या धुळ्याकडच्या. कित्येक वर्षं चर्च झाडतात, गुरुवारचं पाणी त्याच भरतात आणि तांबे फादरांच्या हातात त्याच देतात. त्यांनी स्वतःचं नाव डब्यात कधीच टाकलं नव्हतं.

मी म्हटलं, “अक्का, माझ्या जागी तुम्ही बसा ना. इतकी वर्षं सेवा करताय. खरा मान तुमचा आहे.”

वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं.

त्यांनी घासणं थांबवलं नाही. “तुले बोलानी भीती वाटस, म्हनीसन मना मान काढस का?”

त्यांनी घंगाळ उलटं केलं.

“माले बठ्ठं समजस, पोरी. त्या दिवशी तू दारमाईन गई, तवय मी तठेच उभी व्हती.” मग त्यांनी विचारलं, “कोन निंघना तुना?”

मी नाव सांगितलं. तो काहीच बोलत नाही, हेही सांगितलं.

“आनि येशूले धरं तवय?”

“सगळे पळाले. तोही पळाला असणार.”

“मंग परत उना का नही?”

तो परत आला का, ते मला माहीत नव्हतं. घरी जाऊन शोधलं. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये, पहिल्याच अध्यायात, सगळं घडून गेल्यावर माडीवरच्या खोलीत प्रार्थनेला जमलेल्यांची नावं आहेत. त्यात अल्फीचा मुलगा याकोब आहे. तिथेही तो काही बोलत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी दोन्ही पाय ब्रशने घासून गेले. सगळेच तसे येतात. अक्का खुर्च्यांच्या रांगेकडे पाहून पुटपुटल्या, “धुयेल पायच धुतस दरसाल.” फादर फक्त उजवा पाय धुतात, हे मी विसरलेच होते.

माझी खुर्ची नववी होती. माइक हातात आला. कागद होता, पण मी तो उघडला नाही. दार समोरच दिसत होतं, उघडं.

“याकोबाचं एकही वाक्य लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. थांबले. कुणी खोकलं नाही. किंवा खोकलं असेल, मला ऐकू आलं नाही. “तो इतरांसारखा पळाला. आणि परत येऊन त्यांच्यात बसला.”

आणखी काही बोलायचं होतं, ते आठवलं नाही. मी माइक पुढे दिला. फादर गुडघ्यांवर बसले. अक्कांनी तांब्या दिला. पाणी उन्हाने कोमट झालं होतं. पप्पा तिसऱ्या बाकावर चष्मा पुसत होते.

मिस्सेनंतर वेदीवरचं कापड काढलं, मेणबत्त्या विझवल्या. लोक न बोलता बाजूच्या प्रार्थनास्थळाकडे गेले. मी सवयीने दाराकडे वळले.

“चाल याकोब,” मागून अक्का हळूच म्हणाल्या, “खुर्च्या उचलाले लाग.”

मी परत गेले आणि उचलू लागले.