डोरीनचा सत्कार

पडदा उघडतो तो कॅनडातल्या मिल्टनच्या कम्युनिटी सेंटरमधल्या हॉलवर. मंचावर समई, मागे बॅनर, मधोमध सिंहासनासारखी खुर्ची. तीत बसलेली डोरीन, इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक आजीबाई. शेजारी आमच्या मराठी मंडळाचा सचिव चारुदत्त. मूळचा नागपूरचा, लाख माणूस. बर्फ पडला की माझा ड्राइव्हवे न सांगता शोव्हल करून जातो. फक्त गौरांगीचं नाव काढू नये.

गौरांगी ओकव्हिलची. दर महिन्याला तिच्या बेसमेंटमध्ये गोरे, काळे, देशी, मूळ रहिवासी सतरंजीवर गोल बसतात. एक दगड हातोहात फिरतो. ज्याच्या हाती दगड, त्यानेच बोलायचं. लहानपणी सरकारने घरातून उचलून निवासी शाळेत नेलेल्या, परत न आलेल्या आपल्या बहिणीबद्दल डोरीन तिथेच बोलली होती.

"आपल्या संक्रांतीला पार्किंग नाही म्हणणारे लोक तिकडे हायवे पकडून जातात!" चारू फणफणला होता. "आणि पाहुण्यांना जमिनीवर बसवते हो ती! आपण रीतसर सत्कार करू. मावशी, सूत्रसंचालन तुमचं."

माइक म्हटल्यावर जुनी नटी नाही कशी म्हणेल?

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, चारूने पानभर परिचय वाचला. शाल, श्रीफळ. मग अध्यक्ष भाषणात रंगले. नाटकाच्या दौऱ्यांवर गावोगावी असे सत्कार पाहिलेत मी. पाहुणा शालीत अवघडून जायचा. डोरीनला माइक मिळाला तेव्हा हॉल रिकामा करायची वेळ झाली होती. मांडीवरचा नारळ सावरत ती म्हणाली, "शाल उबदार आहे. थँक यू." एवढंच.

दारात, तिला न्यायला आलेल्या गौरांगीने तिला कोट चढवला. दोघी कशावर तरी खुदकन हसल्या.

"मला हसल्या का, मावशी?" चारूने विचारलं.

"नाही रे. जवळची माणसं हसतात, तशा हसल्या."

"तेच तर!" त्याने घडीची खुर्ची आपटली.

पुढच्या बैठकीला तोच मला गाडीत घालून ओकव्हिलला घेऊन गेला. सतरंजीवर समोरच गौरांगी डोरीनला खेटून बसली होती. चारूची नजर तिथून हलेना. दगड त्याच्या हाती आला. आता हा आभारप्रदर्शन करणार, म्हणून मी डोळेच मिटून घेतले. मग त्याचा आवाज आला, माइकवरचा नव्हे, घरातला.

"डोरीन, मला गौरांगीचा हेवा वाटतो. तिला तुमच्या बहिणीचं नाव माहीत आहे. मी तुमचा एवढा परिचय वाचला, पण ते विचारायचं मला सुचलंच नाही. काय नाव होतं तिचं?"