पायरी सतरावी : मोठ्याने वाचणे

त्या बुधवारी आमच्या ऑफिसातून जी फाइल बाहेर गेली, तिच्यावर नाव ताईचं होतं आणि काम माझं होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. घरी बायकोला सांगितलेलं नाही, ऑफिसात कुणाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. तिच्या टेबलाशी गेल्याशिवाय एकही काम पुरं होत नाही, आणि तिचं पद नेमकं काय ते कुणाला विचारलं तर समोरचा डोकं खाजवतो. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमचं ऑफिस. आम्ही मोबाइलची अ‍ॅप बनवायचो. कोड लिहिणारे आम्ही दहाबारा जण. त्या सगळ्या कोडची एक फाइल बांधायची, तपासायची आणि लोकांच्या फोनपर्यंत धाडायची, हे काम एकट्या तिचं. त्याला आम्ही बिल्ड काढणं म्हणतो.

ती बिल्ड काढायची ते वहीत बघून. शंभर पानी वही, वर तपकिरी कागदाचं कव्हर, आत तिच्या अक्षरात तेवीस पायऱ्या. त्यातली सतरावी होती, ‘पत्ता मोठ्याने वाचणे’. हा पत्ता सर्व्हरचा. प्रत्येक अ‍ॅपला असे दोन पत्ते असतात. एक खरा, जिथे लोकांनी भरलेली माहिती जाते. दुसरा चाचणीचा, आमच्या आमच्यात खेळायला. तिथे गेलेलं काही कुणी बघत नाही. दोन्हींत फरक एका शब्दाचा. ताई पडद्यावर बोट ठेवून तो पत्ता एकेक अक्षर करून असा वाचायची की पलीकडच्या खोलीतला माणूससुद्धा लिहून घेईल.

मी फोनवर असलो की म्हणायचो, “ताई, हळू गं.”

“हळू वाचलं की डोळा चालूपणा करतो. जे असायला हवं तेच वाचतो, असतं ते नाही. तू पण वाच. मोठ्यान वाच!”

ते ‘मोठ्यान’ मालवणी. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर घर मुलुंडला आलं, पण रागात किंवा खुशीत असली की ताई एकदम गावच्या बोलीत शिरायची. उशिरा येणाऱ्याला “इलास रे मेल्या!” आणि बिल्ड नीट गेलं की “झाला!” या एका शब्दावर सगळा मजला चहाला उठायचा.

मग साहेबांनी मला सांगितलं की हे बिल्डचं काम मशीनवर घ्या. कोड बदलला की मशीनने आपोआप फाइल बांधायची, तपासायची, ठेवायची. मी खूश. ताईचं काम जाणार हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. तिला मात्र काही वाटलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली.

“घे बाबा. माझे गुडघे गेले तेवीस पायऱ्या चढून.”

एकेक पायरी ती वाचायची आणि मी ती मशीनला समजेल अशी लिहायचो. सतराव्या पायरीला मी हसलो.

“ताई, मशीनला तोंड नाही.”

“मग तू वाच आणि त्याला ऐकव.”

मी माझ्या कागदावर लिहिलं, ‘सतरा : गरज नाही.’

मशीनला काम करायला कुणाचं तरी लॉगिन लागतं. नवं मागायचं तर आठवडा गेला असता. ताईने तिचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. “माझ्या नावाने काय चोरी करणार आहेस? घाल.” मी घातला. नंतर बदलू म्हटलं. फाइल ठेवण्यासाठी जागाही तिचीच दिली, ती रोज ठेवायची तेच फोल्डर, फाइलचं नाव तेच. तेही नंतर बदलू म्हटलं. आणि चाचणीसाठी मशीन रोज दुपारी एक वाजता आपोआप चालेल अशी वेळ लावून ठेवली. जेवणाच्या सुट्टीत सगळे कॉम्प्युटर मोकळे असतात ना, म्हणून.

त्या बुधवारी एका लॅबचं अ‍ॅप जायचं होतं. घरी येऊन रक्त घेऊन जाणारी लॅब. मुलुंड, नाहूर, घाटकोपरपर्यंत त्यांची माणसं फिरायची. ताईने सकाळभर बसून हाताने बिल्ड काढलं. पत्ता वाचला. मी ऐकला, खरा पत्ता होता. आता फक्त पाठवायचं राहिलं होतं.

“दोन मिनिटं, पाठवून येते,” ती म्हणाली.

“अगं, नंतर पाठव. बांगडा गार होतोय.”

तिच्या डब्यात बांगड्याचं तिखलं होतं आणि त्यातला एक तुकडा माझा असायचा. ती जेवायला उठली. आम्ही जेवलो. तेवढ्या वेळात माझं मशीन चाललं, त्याने चाचणीचा पत्ता घालून दुसरी फाइल बांधली, आणि तिच्या फोल्डरात तिची फाइल पुसून त्या जागी ठेवून दिली. नाव तेच, बांधणारा म्हणूनही नाव तिचंच. ताई हात धुऊन आली आणि ती फाइल पाठवली. पत्ता तिने वाचलेलाच होता.

शुक्रवारी सकाळी लॅबचे फोन सुरू झाले. लोकांनी अ‍ॅपवर वेळ घेतली होती, उपाशीपोटी दारात वाट बघत बसले होते, आणि रक्त घ्यायला कुणी आलं नव्हतं. सगळ्यांच्या नोंदी आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर पडून होत्या. नाहूरच्या एक आजी, मधुमेहाच्या, साडेबारापर्यंत उपाशी राहिल्या आणि स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं.

मी जागेवर जाऊन मशीनची नोंदवही उघडली. बुधवार, दुपारी एक. सगळं लख्ख दिसत होतं. मी ती नोंद पुसली. जुन्या चाचण्या साफ करतोय, असं स्वतःला सांगितलं. मशीनचं फोल्डरही बदललं. मग मीटिंगला गेलो.

साहेब शांतपणे म्हणाले, “ताई, फाइल तुमच्या नावाने बांधलीय, तुम्हीच पाठवलीय.”

“मी पत्ता वाचला होता साहेब.” मग माझ्याकडे बघत, “वाचला होता ना रे?”

मी म्हणालो, “मी फोनवर होतो, ताई.”

“मग मला नुसतं वाटत असेल,” ती म्हणाली.

तुम्हाला वाटेल, इथे तरी हा माणूस बोलला असेल. नाही. उलट रविवारी तिचा फोन आला. “नाहूरला त्या आजींकडे जाऊन येते म्हणते. चल ना माझ्याबरोबर. एकटीला नाही जमणार.” मी गेलो. तिने मोसंबी घेतली होती. आजींच्या हाताला प्लास्टर, तरी सुनेला सांगून त्यांनी पोहे करायला लावले. ताई पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “आजी, माझ्या हातून चूक झाली. मी नीट बघितलं नाही.”

आजी म्हणाल्या, “अगं, मीच दोन बिस्किटं खायला हवी होती. डॉक्टर म्हणतात उपाशी, म्हणून राहिले. आणि हा कोण?”

“हा आमच्याच ऑफिसातला. याची काही चूक नाही हो, सोबत आलाय बिचारा.”

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. मी मान खाली घालून ते सगळे पोहे खाल्ले. आजी म्हणाल्या, “अजून घाल गं त्याला.” मी तेही खाल्ले.

तिला कुणी काढलं नाही. साहेबांनी फक्त बिल्डचं काम माझ्या मशीनकडे दिलं आणि तिला दुसऱ्या मजल्यावर कागदपत्रांना बसवलं. तिथेही ती एकेक कागद चारचारदा तपासायची, आणि मग शेजारच्या मुलीला म्हणायची, “जरा तू बघ गं, माझा भरवसा नाही.” दिवाळीच्या आधी तिने राजीनामा दिला. निरोपाला केक कापला, मी टाळ्या वाजवल्या. मशीनबद्दल मला त्या वर्षी बढती मिळाली.

पुढे एकदा मी तिला फोन केला. सांगायचंच असं ठरवून केला होता. ती इतकी खूश झाली की मला सुरुवातच करता येईना.

“अरे, डोळे तपासून घेतले,” ती सांगत होती. “डॉक्टर म्हणतो नंबर काही वाढला नाही, आहे तोच चष्मा बरा. मी म्हटलं, नाही हो, बदलूनच द्या. माझ्या डोळ्यांनी एकदा घात केलाय.” मग हसून म्हणाली, “आता घरातला गॅससुद्धा लेकीला बघायला लावते. ती चिडते. पण बरं असतं ना, दुसऱ्याने बघितलेलं?”

मी “हो” म्हणालो आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

याला तीन वर्षं झाली. मी भांडुपला राहतो. तिचं घर माझ्यापासून रिक्षाने फार तर वीस मिनिटांवर आहे. तिच्या लेकीच्या देखत तिच्यासमोर बसून मला सांगायचं आहे की ती फाइल माझ्या मशीनची होती, नोंद मी पुसली, मी फोनवर नव्हतो आणि तिचा आवाज मी ऐकला होता. तेच मला साहेबांना आणि नाहूरच्या आजींना सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.