आयर्लंडच्या निकालाचे पेढे

आमची एकुलती एक मुलगी आयर्लंडमध्ये दवाखान्यात नर्स आहे. तिथे निवडणूक लागली तेव्हा इकडे शहाद्यात बसून सगळ्यात जास्त दगदग मी केली. तिथे मला मत नाही, तिलाही नाही. पण साखर कारखान्याच्या निवडणुकीत जन्मभर पॅनलचं काम केलेलं. आपला संबंध नाही तिथे लुडबुड करायची सवय अंगात मुरली आहे.

धास्ती एकाच उमेदवाराची होती. बाहेरून आलेल्यांना परत पाठवा, असं तो सभांमधून सांगत होता. बायको रोज विचारायची, "तो काय म्हनस?" मी सांगायचो, "आपली पोरले घर धाडा म्हनस." ती ऐकून कामाला लागायची. मग एक दिवस सारंगखेड्याला जाऊन दत्ताला नारळ बोलून आली. बाई घाबरली आहे, असं मी धरून चाललो.

आपल्या विधानसभेचा गुलाल नुकताच उधळून झाला होता. निकाल एका दिवसात मोकळा. तिकडे मात्र कागदी मतपत्रिका हातानं मोजत बसले होते. पडलेल्याची मतं म्हणे उरलेल्यांत वाटतात. आमच्याकडे पडलेला स्वतःच उठून जिंकलेल्यांत जातो, एवढा कागद खर्ची पडत नाही.

शेवटी लेकीचा मेसेज आला, तो पडला. मी तडक स्टँडजवळच्या दुकानातून पेढे आणले आणि बायकोपुढे पुडा उघडला.

"पडना तो! तुन्हा नारय पावना!"

भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"नही पावना," ती म्हणाली. "तो निवडी येवो म्हनीसन बोलेल व्हतू मी. तो जितता ते मन्ही पोर घर येती."

गावातलं एकेक मत ओळखणारा मी, घरातलं एक मत ओळखू शकलो नव्हतो. चिडायला हवं होतं. चिडता आलं नाही, कारण लेक मलाही घरात हवीच होती.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बायकोनं पिठाचे हात पदराला पुसले, एक पेढा तोंडात टाकला आणि मोबाइलसमोर तोंडभर हसली.

"बरं जायं, बेटा! देख, पेढाच खाई ऱ्हायनू."

लेकही हसली. बराच वेळ दोघी बोलल्या. फोन बंद झाल्यावर बायको पुन्हा परातीकडे वळली.

"तठे पुढली निवडणूक कव्हय शे हो?" तिनं विचारलं.