ए ए आय पहिल्या नंबरावर

व्हिडिओ गेमच्या दुकानात मुलींनी जायचं नसतं, असं सांगलीत कुणी पाटी लावून सांगितलं नव्हतं. पण मी पडदा सारून आत शिरले की आतली सगळी पोरं माझ्याकडे अशी बघायची, जणू मी न्हाव्याच्या खुर्चीत येऊन बसलेय. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी सरळ जाऊन भावाची कॉलर धरायची. "ऊठ. आमटी थंड झाली. आई लाटणं घिऊन येतीय." तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण धाक माझा होता.

स्टँडजवळच्या त्या दुकानात तीन मशीन होती. भाऊ कायम कोपऱ्यातल्या विमानाच्या गेमवर. खेळ संपला आणि आकडा मोठा झालेला असला, की मशीन खेळणाऱ्याची तीन इंग्रजी अक्षरं मागायचं आणि यादीत लावायचं. घाईची पोरं नुसती बटण दाबत सुटायची, म्हणून यादीत जिकडे तिकडे ए ए ए. भाऊ मात्र दांडा हलवून शेवटचं अक्षर आय करायचा. ए ए आय, म्हणजे आई. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. या खेळापायी आईनं त्याला एकदा चांगला बदडला होता, तेव्हा हा शहाणा म्हणाला, "मार की. तुझंच नाव एक नंबरला लावून आलोय." आईला हसू फुटलं आणि मार तिथंच थांबला.

दुकानदार रात्री मेन स्विच पाडायचा आणि यादी पुसली जायची. सकाळी मशीन कोरं. त्यामुळं भाऊ कुठं आहे हे शोधायची आमची एक पद्धतच पडली होती. मशीनवर ए ए आय असलं, तर स्वारी आज येऊन गेलीय, इथंच कुठंतरी असणार. नसलं, तर दुसरीकडे बघायचं. आई मला तेवढंच विचारायची, "लागलंय का माझं नाव?"

वडील कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला ते लेथ पुसून लख्ख करायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि मग त्या दिवशी त्याला बोट लावायचे नाहीत. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी विसावा घेतं, हा त्यांचा नेम. त्या वर्षी ते पूजा करून येताना स्टँडवरून आले. गेमवाल्यानंही मशीनला माळ घातली होती आणि माझा भाऊ ती माळ कोपरानं सरकवत विमानं पाडत होता. वडिलांनी सगळ्या पोरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. भाऊ घरी येऊन एक शब्द बोलला नाही. दिवाळीत फराळाचं ताट पुढं ठेवलं तरी तो गप्पच होता. मला तेव्हाच बरं वाटत नव्हतं. आरडाओरडा करणारा माणूस गप्प झाला की मला भीती वाटते, अजूनही वाटते.

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात तो घरातून गेला. पिशवी नेली नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांत फोटो दिला, मिरज जंक्शन पालथं घातलं, कोल्हापूरच्या आत्याकडे माणूस धाडला. मी रोज स्टँडवर जाऊन मशीन बघत होते. ए ए ए, ए ए ए, खाली कुणाचं तरी काहीतरी. वडील जेवताना ताटावरून मान वर करत नव्हते. आई त्यांना काही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायचं.

मे महिन्यात मामाच्या मुलीचं लग्न निघालं, साताऱ्याला. जायची कुणाचीच इच्छा नव्हती, पण मामाचं घर, टाळता येत नाही. लग्नाच्या आदल्या दुपारी मी बांगड्या भरायला पोवई नाक्याकडे गेले. वाटेत एका बोळाच्या तोंडाशी तसाच पडदा दिसला आणि आतून तेच टुईंग टुईंग. पाय आपोआप वळले. विमानाच्या मशीनवर कुणी खेळत नव्हतं. काचेवर यादी वर सरकत होती. पहिल्या नंबरला ए ए आय. दुसऱ्याला ए ए आय. तिसऱ्यालाही.

बांगड्या राहिल्या तिथंच. मी पळत मामाच्या घरी आले आणि मांडवात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तो साताऱ्यात आहे, आज खेळून गेलाय. वडील माझ्याबरोबर अनवाणीच आले. यादी पाहिली आणि किती महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झाला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला," ते म्हणाले. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई, बघ." दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "लय पोरं येत्यात. नावं कुठं इचारत बसू?" त्यालाही आम्ही हसून मान डोलावली. शटर पडेपर्यंत वडील दुकानासमोर बाकड्यावर बसून राहिले. प्रत्येक पोराच्या तोंडाकडे बघत होते.

इकडे आईनं भावासाठी बोललेला नवस फेडायला घेतला होता. कंदी पेढे आणवले आणि मांडवात ज्याला त्याला हातावर देत सुटली. मामाची सासू पेढा घेईना. "पोरगं हाताला लागू दे गं आधी," म्हणाली. आईनं तो पेढा तिच्या मुठीत कोंबला. त्या म्हातारीचा मला इतका राग आला की मी तिला पाणीसुद्धा दिलं नाही.

सकाळी मामाच्या दारात सनई लागली तेव्हा वडील आणि मी त्या बोळात होतो. आईनं डबा दिला होता. "सापडला की आधी खाऊ घाला, मग काय बोलायचं ते बोला," असं वडिलांना बजावलं होतं. दुकानदार आला, त्यानं शटर उचललं, उदबत्ती ओवाळली आणि मेन स्विच वर केला. काच पांढरी झाली, थरथरली, मग काळी पडली. त्यावर यादी आली.

पहिल्या नंबरला ए ए आय.

दुकानात आम्ही तिघंच होतो. अजून कुणी मशीनला हात लावला नव्हता. वडील यंत्रातले माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "बंद केलं तरी ऱ्हातंय व्हय हे?"

"ऱ्हातंय की. आत सेल हाय. मशीन इसरत न्हाई. ह्यो आकडा जुनाच हाय, मशीनबरोबरच आला. कुणाला मोडंना."

"मशीन कुठनं आणलं?"

"उंब्रजहून. हायवेला एकाचं दुकान हुतं, त्यानं बंद केलं."

"का?"

दुकानदार फडक्यानं काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती. "जाऊ द्या की, पावनं. सकाळच्या पारी कशाला."

"सांगा," वडील म्हणाले.

"थंडीत एक पोरगं दुकानातनं भायेर पडलं, रस्ता वलांडाय गेलं आन् ट्रकखाली गावलं. कुणाचं, कुठलं, पत्ता लागला न्हाई. मग गावानं दुकान चालू दिलं न्हाई."

वडील मला म्हणाले, "तू मांडवात जा." मी गेले नाही. उंब्रजच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो, डबा माझ्या मांडीवर. पोरगं दुसऱ्या कुणाचं असेल, रोज किती पोरं खेळत असतील तिथं, असं मी बोलत राहिले. वडील प्रत्येक वेळी "व्हय" म्हणाले. दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं मेलेलं असू दे, अशी मी देवाकडं भीक मागत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

उंब्रजच्या चौकीत एक वयस्कर हवालदार होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. मग कागद पुढं ओढून तो वडिलांना वर्णन विचारायला लागला. उंची, रंग, अंगावर काही खूण. वडील सांगत होते, तो लिहीत होता. लग्नाच्या गर्दीत वडिलांनी हाताला येईल तो शर्ट घातला होता, कारखान्यानं दिवाळीला दिलेल्या राखाडी कापडाचा.

"अंगात कापडं काय हुती?" हवालदारानं विचारलं आणि उत्तरासाठी मान वर केली. त्याची नजर वडिलांच्या छातीवर गेली. तिथून खाली बाहीवर, मग परत छातीवर. त्यानं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"असलंच हुतं का, दादा?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक केला होता.

वडिलांनी खाली बघितलं. शर्टाची कड दोन बोटांत धरली.

"व्हय," ते म्हणाले. "एकाच ताग्यातनं शिवलेत. एक मला, एक त्याला."