सरळ मान

फोटो चांगला यायचा तर आधी तोंड बंद ठेवायचं, हा माझा पहिला नियम. धानोऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत जो कोणी स्टुलावर बसतो त्याला मी हेच बजावतो. पाठ ताठ, खांदे सैल, हनुवटी किंचित खाली आणि मान सरळ. मानेच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पासपोर्टचा फोटो असो की सोयरिकीचा, वाकडी मान दिसली की उठून जातो आणि दोन्ही हातांनी सरळ करतो. लोक म्हणतात, फोटोवाला तापट आहे, पण फोटो झ्याक काढतो. हे ऐकून मला बरं वाटायचं.

माझ्या वडिलांची मान वाकडी होती. जन्मापासून नव्हे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उभा जन्म त्यांनी मिरची कांडायच्या मशीनपाशी काढला. डाव्या अंगाला मशीन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिची धडधड. डावा कान केव्हा गेला ते त्यांनाही कळलं नाही. मग कोणी बोललं की ते उजवा कान पुढे करायचे, त्यात मान कलायची. माझी माय बुटकी आणि आवाजाने बारीक. ती बोलायला लागली की आबा एवढे झुकायचे की आता टोपी पडते की काय असं वाटे. दिवसभर तिचं काही ना काही सांगणं चालू आणि हे आपले झुकून हं हं करताहेत. आबांची मान मायनेच वाकवली म्हणून आम्ही पोरं चिडवायचो. दोघंही हसायची.

नवा कॅमेरा घेतला तेव्हा पहिला फोटो आबांचा काढायचा असं मी ठरवलं. मोठा करून दुकानाच्या काचेत लावणार होतो. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की आबा गर्दीच्या मागे सरकायचे, त्यामुळे धड असा एकही फोटो नव्हता त्यांचा. त्या दिवशी मात्र दोघं नटूनथटून आली. आबांना स्टुलावर बसवलं, माय पडद्याशी उभी राहिली. मी मान सरळ केली, कॅमेऱ्यामागे गेलो, तेवढ्यात माय म्हणाली, कॉलर नीट करा. बटण दाबेपर्यंत मान तिकडे गेली. पुन्हा सरळ केली. मायला आठवलं, घराची कडी लावली की नाही. पुन्हा गेली. वीस वेळा हेच. माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी मायवर खेकसलो, की तू बाहेर जा बघू, तू इथे आहेस तोवर हा फोटो होणार नाही.

ती नवी साडी सावरत बाहेर गेली आणि उन्हात पायरीवर बसून राहिली. आबा दाराकडे बघत होते. मी म्हटलं, इकडे बघा. त्यांनी बघितलं. मान अगदी ओळंब्यात. तो एक फोटो इतका सुरेख आला की आधीचे वाकडे सगळे मी तिथल्या तिथे पुसून टाकले.

त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात आबा गेले. सकाळी कामावर निघाले, चपला घालायला ओट्यावर बसले ते बसलेच. काचेतला फोटो घरी आणून मी मायच्या खाटेजवळच्या भिंतीवर टांगला आणि हार घातला. भेटायला येणारा जो तो म्हणे, आता बोलतील असं वाटतं. माय तेवढी त्याच्याकडे बघेना. एकदा म्हणाली, "फोटो चांगला शे. पन हाऊ तुन्हा बाप वाटत नही."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, त्या दुःखातसुद्धा माझ्या फोटोला नाव ठेवलेलं मला खपलं नाही.

मग फ्रेम वाकडी व्हायला लागली. सकाळी सरळ करून जावं, संध्याकाळी येऊन बघावं तर कललेली. मी पालीला दोष दिला, पंख्याला दिला, बायकोच्या झाडूलाही दिला. शेवटी चिडून फ्रेमच्या खालच्या कडेला अडसर म्हणून दुसरा खिळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आलो. माय रोज खाटेवर बसून मिरचीचे देठ खुडायची, ती जागा रिकामी. ती भिंतीशी उभी होती, टाचा उंचावून. हातात आबांची पक्कड, आणि तो खिळा काही तिच्याने निघत नव्हता. काय करतेस म्हणून मी विचारलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"सरय करू नको, बेटा. मंग मी बोलस ते त्यास्ले आयकू येत नही."

वीस फोटो होते माझ्याकडे. वीसही वेळा आबा तिचं ऐकत होते, आणि मी सगळे पुसले. मला रडू कोसळलं. तिच्या हातातून पक्कड घेतली, खिळा उपसला आणि फ्रेम खाटेच्या बाजूला कलवली. अजून थोडी, असं तिने हातानेच सांगितलं. अजून थोडी कलवली.

माय खाटेवर बसली, सूप पुढे ओढलं आणि मिरचीचा भाव पडल्याचं त्यांना सांगू लागली. मी बाहेर गेलो आणि तिचं बोलून होईपर्यंत पायरीवर बसून राहिलो.