भाऊजींचा मागचा निकाल

आमच्या धाकट्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतलेला नाही. आधी असं काही घडलं होतं का आणि तेव्हा काय ठरलं होतं, एवढं सापडलं की त्यांचं काम होतं. ते पुण्याच्या कामगार न्यायालयात वकील. तिथं हे शोभतंच. सारख्या प्रकरणाला सारखा निकाल लागला, तर चिंचवडच्या कामगाराला एक न्याय आणि दिघीच्याला दुसरा, असं होत नाही. पण भाऊजी हा कायदा घरी आणतात. भाजीवालीनं एकदा वर कोथिंबीर घातली, तर दुसऱ्या दिवशी हे दारात हजर. "काल पायंडा पडलाय, बाई." ती मावळातली. "काल दिली म्हंजी रोज द्यायची व्हय?" भाऊजींनी तिला न्यायातल्या सातत्यावर असं काही ऐकवलं, की पुढं कितीतरी दिवस ती आमच्या गल्लीत फिरकली नाही. भाजीसाठी पायपीट मी केली.

सासूबाई म्हणजे त्यांचं हायकोर्ट. वरच्या कोर्टानं ठरवलं ते खालच्यानं मोडायचं नाही. त्या गेल्यावरही ते गुरुवारी दाढी करत नाहीत. "न्यायाधीश गेले म्हणून निकाल जात नाही, वहिनी."

मग त्यांच्या मुलीला, मीनाला, भोसरीच्या कारखान्यात नोकरी लागली, रेडिओचे भाग जुळवायची. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. भाऊजींनी शांतपणे चष्मा पुसला. "या घरात असा निकाल झालेला आहे."

झाला होता खरा. मी नवी सून होते तेव्हा माझ्या नणंदेला, शालूला, पिंपरीच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. सासूबाई नाही म्हणाल्या आणि वर्षभरात तिला तळेगावला दिली.

"तो फिरवायचा तर मोठं खंडपीठ लागेल," भाऊजी म्हणाले. मीना रडायला लागली.

मला पोळ्या लाटायच्या होत्या. "भाऊजी, तेव्हा वाटेत नुसतं माळरान होतं. पोरगी अंधारात एकटी चालत येणार, ही आईंची भीती. आता कंपनीची बस कोपऱ्यावर येते. दोन्ही प्रकरणं एक कशी?"

"वस्तुस्थिती वेगळी!" भाऊजी टाळी वाजवून उठले. आईंचा शब्द शाबूत, मीना मोकळी.

जेवण झाल्यावर भाऊजी हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, त्या माळावरून मी रोज सायकलनं यायचो. शालूला सोबत झाली असती."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तिच्या बाजूनं कुणीच बोललं नाही. आणि मला नुकतीच वकिलीची सनद मिळाली होती." त्यांनी ओले हात टॉवेलला पुसले. "आता तिला काय सांगू?"

"मीना सोमवारी कामाला लागतेय, एवढं सांगा."

सोमवारी सकाळी शालू तळेगावहून आली. मीना बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. बस सुटेपर्यंत शालू टाचा उंचावून आतल्या पोरींकडे बघत राहिली. भाऊजी तिची पिशवी धरून मागं उभे होते.